जोडावरचा डबा

मी शंकेखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. घराला कुलूप लावलं की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते, कुलूप ओढून बघते, पुन्हा निघते. गॅसचं बटण मीच बंद केलेलं असतं, तरी एसटीत बसल्यावर श्रीरामपूर येईपर्यंत तेच डोक्यात घोळतं. आमचे हे म्हणतात, "तुझ्या डोक्यात मेंदू न्हाई, पिठाची गिरणी हाय. धान्य नसलं तरी फिरतीय." हे लिहिलेलंही ते वाचतील आणि म्हणतील, किती तिखटमीठ लावतीस. लावते. भाजी माझी, मीठ माझं.

नोकरीनं ही खोड जास्तच वाढवली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत मी उभी हयात काढली. एकाच्या बाटलीवर दुसऱ्याचं नाव चिकटलं तर काय होईल, या धास्तीनं प्रत्येक चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचायची. डॉक्टर वैतागायचे. पण माझ्या हातून कधी घोळ झाला नाही, हेही खरं. रिटायर झाले तेव्हा वाटलं, चला, सुटले एकदाची. कसलं सुटणं. दवाखाना सुटला आणि लाइन मानगुटीवर बसली.

लाइन म्हणजे आमची छोटी रेल्वे. बेलापूरच्या पुढं उसाच्या रानांमधून एका बंद पडलेल्या साखर कारखान्याचे रूळ गेलेत. इतके जवळजवळ की मधे आडवं झोपलं तर पाय बाहेर येतील. पूर्वी यावरून ऊस यायचा. माझे वडील याच लाइनवर गँगमन होते. रविवारी विहारात वंदनेला जायच्या आधी ते लाइनवर एक चक्कर टाकून यायचे, सुट्टी असली तरी. आमचे हे तिथल्याच इंजिन शेडमधे मेकॅनिक. कारखाना बंद पडला, बरेचसे रूळ उखडून विकले गेले. उसाच्या वजनकाट्यापासून पाटाच्या चारीपलीकडच्या जुन्या गेस्ट हाउसपर्यंतचा तुकडा तेवढा राहिला, तोही कुणाला तिथवर ट्रक नेता आला नाही म्हणून. गावातल्या काही वेड्या माणसांनी तो तुकडा वाचवायचं ठरवलं. दर रविवारी जायचं, बाभळी तोडायच्या, खडी भरायची, रुळांखालचे स्लीपर बदलायचे. पगार नाही, काही नाही. ऊस वाहायच्या दोन वाघिणींना, म्हणजे उघड्या वॅगनींना, बाकं बसवली, शेडमधलं एक डिझेल इंजिन चालू केलं आणि सणासुदीला शाळेतली पोरं, पुण्याहून आलेले पाहुणे यांना फिरवून आणायला लागले.

जमीन आणि रूळ ज्यांच्या ताब्यात होते त्यांना मात्र हे सगळं भंगारात घालायचं होतं. आमच्या मंडळींनी हातापाया पडून मुदत मागून घेतली. बोलणं असं झालं, की नगरहून सरकारी इंजिनिअर साहेब येतील, गाडीत बसून बघतील. लाइन माणसं न्यायला धड आहे असं ते म्हणाले तर ठेवायची, नाहीतर गॅस कटर आणायचा. हे ऐकलं त्या दिवसापासून माझी गिरणी रात्रीही थांबेना.

मला लाइनची एवढी काय पडली होती, ते सांगते. यांचं बायपासचं ऑपरेशन झालं. छाती उघडून शिवली. घरी आल्यावर हा माणूस खुर्चीत बसून राहायचा. टीव्ही चालू, पण बघायचे नाहीत. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर विचारायचे नाहीत. जन्मभर आवाज करत जगलेला माणूस, आणि घरात पंख्याचा तेवढा आवाज. मला रडू यायचं. मग एक दिवस आमच्या गँगचा मुकादम आला. तो शेतकरी, नात्यानं माझा लांबचा भाऊ, सगळे त्याला मुकादमच म्हणतात. त्यानं इंजिनचा डिझेल पंप पिशवीत घालून आणला होता. "दाजी, आमाला काय जमंना, तुमी बगा बरं जरा," म्हणाला. यांनी तिथंच फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं, पंप खोलला आणि संध्याकाळी आपणहून भाकरी मागितली. त्या भाकरीसाठी मी त्या लाइनची जन्माची ऋणी आहे.

डॉक्टरांनी बजावलं होतं, जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. म्हणून मी यांना अट घातली. इंजिन चालवा, दुरुस्त करा, हॉर्न वाजवून गाव गोळा करा. पण पान्याला आणि पहारीला हात लावायचा नाही. लाइनवरचं काम मी करीन. हे हसले. "तू? गँगमन?" मी म्हणाले, गँगमनचीच पोरगी आहे. तर अशी या वयात मी सलवार-कमीज घालून, डोक्याला रुमाल बांधून खडी भरायला लागले. गुडघे बोंबलायचे. पण माझा एक डोळा कायम इंजिनाकडं असायचा, हे वाकतायत का, काही उचलतायत का. माझं खरं काम तेच होतं.

कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन रूळ जिथं एकमेकांना भेटतात तो जोड. त्याला दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या, त्यांना फिशप्लेट म्हणतात, आणि त्यातून आरपार चार बोल्ट. थंडीच्या दिवसांत हे जोड उघडायचे, गंज खरवडायचा, आत तेलात कालवलेलं काळं ग्राफाइट चोपडायचं आणि परत आवळायचे. नाही केलं तर उन्हाळ्यात रूळ वाढतो, जोड सरकत नाही आणि रूळ कमान करून उठतो. बोल्ट घालायचीही एक पद्धत असते. दोन नट आतल्या अंगाला, दोन बाहेरच्या. गाडी घसरली आणि चाकानं एका अंगाचे नट तोडले, तर दुसऱ्या अंगाचे दोन तरी धरून राहतात. हे वडिलांनी मला शाळकरी वयात सांगितलेलं आणि मी गँगला पहिल्याच रविवारी शिकवलेलं.

आणखी एक रीत आम्ही वडिलांच्या गँगची उचलली होती. जो जोड तुम्ही उघडला, त्यावर तुमचा जेवणाचा डबा ठेवायचा. जोड आवळून होईपर्यंत डबा हलवायचा नाही. माणूस काम विसरेल, पण भूक विसरत नाही. भूक लागली की डब्याकडं जाणार, आणि डबा जिथं तिथं काम बाकी. दुसऱ्याच्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी मुकादम लाइनवर नजर टाकायचा. डबा दिसला नाही म्हणजे सगळे जोड बंद. इतकं सोपं होतं ते.

साहेब रविवारी सकाळी येणार म्हणून आम्ही शनिवारीही कामाला गेलो. मला चारीच्या पुलावरचा जोड दिला. पूल म्हणजे काय, दोन गर्डर आणि खाली पाटाचं पाणी, पण उंची बरी आहे. मी जोड उघडला, माझा स्टीलचा डबा रुळावर ठेवला आणि गंज खरवडत बसले. ऊन चढलं, तशा बाई आल्या. बाई म्हणजे हायस्कूलच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका. नीटनेटकेपणाचा कळस. आमच्यात नवीनच सामील झाल्या होत्या आणि सगळ्यांवर माया करायच्या. त्या दिवशी त्यांनी घरून पातेलंभर हुलग्याचे शेंगोळे करून आणले होते, लसणाच्या फोडणीचे. पहाटेपासून थंडीत राबलेल्या माणसांना तो वास आला की संपलंच. "चला, चला, गार झाले तर पिठाचे गोळे होतील," करत त्यांनी सगळ्यांना चिंचेखाली बोलावलं. मीही हात पुसत गेले. तिथं पोचले तर सगळ्यांचे डबे ओळीनं मांडलेले, वर स्वच्छ फडकं टाकलेलं. कुणी आणून ठेवले, हे मी विचारलं नाही. खरं म्हणजे माझ्या लक्षातही आलं नाही. भूक लागली होती आणि शेंगोळे फार छान झाले होते.

जेवल्यावर मुकादम म्हणाला, "ताई, वजनकाट्यापाशी दगडांना चुना लावायचा राह्यलाय, तुमी तिकडं बगा." मी गेले, बाकीचे आपापल्या जोडाकडं परतले. संध्याकाळी त्यानं नेहमीप्रमाणं लाइनवर नजर टाकली. एकही डबा नव्हता. "झालं सगळं," म्हणाला. आम्ही घरी आलो.

रविवारी पहाटे हे माझ्या आधीच उठले. गाडी निघायच्या आधी लाइन चालत जाऊन बघायची असते, ती त्या दिवशी यांनी आपल्याकडं घेतली होती. परत आले तेव्हा मी शेडपाशी फुलांचा हार इंजिनाला बांधत होते. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती, आणि यांच्या कपाळावर घाम. मी विचारलं, तर म्हणाले, "चालून आलोय, घाम येणारच." शेडमधे जाऊन शर्ट बदलून आले. चांगला इस्त्रीचा घातला, साहेब येणार म्हणून. मला मेलीला कौतुकच वाटलं.

साहेब आले. वयानं तरुण, बोलायला मऊ.  मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आज लाल बावटा खाली ठिवा. पाया पडतो." त्याचं कारण असं, की मी शेवटच्या वाघिणीत गार्ड म्हणून बसते, हातात हिरवा आणि लाल बावटा. दिवाळीत एकदा रुळावर काहीतरी काळं दिसलं म्हणून मी लाल दाखवून गाडी थांबवली होती. ते निघालं कुणाचं तरी फाटकं पोतं. गाडीत पोरं होती, त्यांनी हसून हसून गोंधळ घातला. हे तर इतके चिडले होते, की म्हणाले, "पुन्यांदा असं केलंस तर मी इंजिनावर चढायचो न्हाई. माझ्या हातावर तुजा इश्वासच न्हाई." त्यानंतर दोन रविवार त्यांनी माझ्याशी धड बोलणं ठेवलं नव्हतं. म्हणून मुकादमाला मी शब्द दिला. मी म्हणाले, नाही हलवत बावटा, जा.

गाडी निघणार तेवढ्यात बाई आल्या. त्यांच्या हातात माझा डबा, घासून लख्ख केलेला. शनिवारी गडबडीत त्यांच्याच पिशवीत राहिला होता. "हा घे गं तुझा. काल पुलावर उन्हात तापत पडला होता, वर मुंग्या. सगळ्यांचेच तसे. मीच सगळे गोळा करून सावलीत आणले. तुम्ही लोक जेवणाची अशी हेळसांड का करता?"

मी डबा हातात घेतला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. डबा मी उचललाच नव्हता. म्हणजे बाईंनी तो उचलला तेव्हा जोड उघडा होता. मग मी जेवले. मग चुना लावायला गेले. पुलावर परत कधी गेले? गेलेच नाही. की मधे जाऊन आवळून आले आणि आता आठवत नाही? मला पट्टीवर चोपडलेलं काळं आठवत होतं, पाना हातात धरल्याचं आठवत नव्हतं. गॅसच्या बटणाचं तसंच तर होतं दर वेळी. आठवत नाही, म्हणून जीव जातो, आणि घरी येऊन बघावं तर बटण बंद.

यांनी हॉर्न वाजवला. गाडी हलली.

साहेब माझ्यासमोरच्या बाकावर बसले होते, शेजारी मुकादम, पुढच्या वाघिणीत गावातली आणखी मंडळी, दोघी-तिघी म्हाताऱ्या, त्यांच्या मांडीवर नातवंडं. आणि सगळ्यांच्या पुढं इंजिनावर आमचे हे. गाडी घसरली तर पहिलं इंजिन पाटात जाणार होतं. मी बावट्याची काठी इतकी घट्ट धरली की बोटं बधिर झाली. साहेबांनी काहीतरी विचारलं, मी हो म्हणाले. काय विचारलं ते मला आजही माहीत नाही.

मी स्वतःला समजावू लागले. अगं, हे सकाळी लाइन बघून आलेत. जोड उघडा असता तर त्यांना दिसला असता. पण लगेच गिरणी उलटी फिरली. यांना इंजिन कळतं, लाइन नाही. चालताना यांची नजर रुळाच्या माथ्यावर असते, खाली नटांवर नाही. आणि दिसला असता तर हे गप्प बसले असते होय? आख्खी गँग गोळा केली असती. 'बघा, मला पान्याला हात लावू देत नाही आणि हिचं काम बघा,' असं वर्षभर ऐकवलं असतं. ज्याअर्थी बोलले नाहीत, त्याअर्थी दिसला नाही. मी कितीही बाजूंनी विचार केला तरी तिथंच येऊन थांबत होते.

आणि थांबवली गाडी आणि जोड बंद असला तर? साहेबांना वाटणार, या लोकांचा स्वतःच्याच लाइनवर भरवसा नाही. गॅस कटर येणार. हे पुन्हा त्या खुर्चीत बसणार, टीव्ही चालू, बघायचे नाहीत. ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.  मुकादमाला हळूच सांगावं म्हणून मी पुढं वाकले, तर तो साहेबांना वडिलांच्या काळचं काहीतरी रंगवून सांगत होता, इतका खुशीत की माझ्याकडं बघेना.

बोराटीचं झाड मागं गेलं. त्याच्यापुढं लाइन वळते आणि पूल दिसतो. मी उठून उभी राहिले आणि बाहेर वाकून लाल बावटा हलवायला लागले. हलवत राहिले. ब्रेक करकरले, बाकावरची माणसं एकमेकांवर कलंडली आणि गाडी पुलाच्या थोडं अलीकडं उभी राहिली.

मुकादमाचा चेहरा बघवत नव्हता. "ताई," एवढंच म्हणाला. पुढून यांचा आवाज आला, "आता काय झालं?" मी उतरले आणि खडीवरून धडपडत पुलाकडं पळाले. मागून साहेब, मुकादम, अर्धी गाडी.

जोड बंद होता.

पट्ट्या जागेवर, चारही बोल्ट घातलेले, नट आवळलेले. मुकादमानं गाडीतून आणलेला पाना मी लावून बघितला, हलेना. कुणीतरी मागं हसलं. मला वाटलं पाटात उडी टाकावी. मग मी नीट वाकून पाहिलं आणि माझे हात थांबले. चारही नट बाहेरच्या अंगाला होते. चारही. आमच्या गँगमधलं झोपेतलं माणूसही असं करणार नाही. मी तर नाहीच नाही. नवीन आलेल्या बाई सोडल्या तर लाइनवर येणाऱ्या माणसांत ही रीत माहीत नसलेला एकच माणूस होता, कारण मीच त्याला जोडाच्या जवळ फिरकू देत नव्हते.

मी वर पाहिलं. हे इंजिनावरून उतरून पुलाच्या तोंडाशी उभे होते. माझ्याकडं बघत नव्हते. पाटाच्या पाण्याकडं बघत होते. पहाटेचा घाम, बदललेला शर्ट, सगळं माझ्यापुढं आलं. हा लांब दांड्याचा पाना नुसता उचलायचा म्हटलं तरी माझ्या खांद्यांत कळ येते. शिवलेल्या छातीनं या माणसानं एकट्यानं चार नट आवळले होते, ते असे, की मला सुटेनात.

मुकादम वाकला. त्याच्याही लक्षात आलं. "चारी नट भाईर? ही कुनाची करामत?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, हे काम कुणी केलंय?"

खरं सांगितलं असतं तर ऑपरेशन झालेला माणूस इंजिन चालवतो हे तिथल्या तिथं निघालं असतं. साहेबांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. मी म्हणाले, "मी केलंय. काल गडबडीत उलटे घातले. खात्री वाटेना म्हणून गाडी थांबवली." तोंड लाल झालं होतं, ते सगळ्यांना शरमेनं झालं असं वाटलं असणार. होतं रागानं. मुकादमाला हाताशी घेतलं, दोन बोल्ट काढले, फिरवून घातले, आवळले. साहेब शेवटपर्यंत उभे राहून बघत होते. 

पुढचं आत्ताच सांगते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. लाइनला परवानगी मिळाली. इंजिन आता शेडमधलेच दुसरे एक जण चालवतात. हे घरी असतात आणि मी पोचले की नाही म्हणून फोन करतात. पण ते सगळं मागाहून. त्या वेळी माणसं हसत-बोलत वाघिणीत परत चढत होती, बाई मला म्हणत होत्या, होतं गं असं, आणि मी बावटे मुकादमाच्या हातात देऊन इंजिनावर चढले.

"तू हितं काय करतीस?" हे म्हणाले.

"बसते. चला."

गाडी पुलावरून हळू पुढं गेली. मी खाली पाहिलं नाही. इंजिनाचा धडधडाट इतका की मागं काही ऐकू जाणार नव्हतं. मी यांच्या कानाशी तोंड नेलं.

"सकाळी उघडा होता ना जोड?"

"व्हय."

"मग मला सांगायला तोंड शिवलं होतं का?"

"तुला सांगितलं असतं तर तू समदे जोड परत उघडून बगत बसली असतीस. साहेब यायचा टाइम झाल्ता."

"मुकादमाला सांगायचं. दुसऱ्या कुणाला सांगायचं."

 समोर बघतच ते म्हणाले, "त्याला सांगितलं असतं तर तुजं नाव निगालं असतं."

 राग असा आला होता की या माणसाला धरून गदागदा हलवावं. माझं नाव खराब होऊ नये म्हणून हा माणूस अंधारात पाना घेऊन पुलावर बसला. मी यांच्यावर नजर ठेवायला लाइनवर आले, आणि यांना जोर लावायला मीच भाग पाडलं होतं. मी म्हणाले, "माझं नाव काय चुलीत घालायचंय? अट काय होती आपली?"

त्यावर काहीतरी चढं उत्तर येईल म्हणून मी थांबले. ते आलं नाही. मी वळून पाहिलं. उजवा हात ब्रेकवर होता. डाव्या हातानं ते स्वतःचा जबडा चोळत होते, दात दुखल्यावर चोळावा तसा. ओठ पांढरे पडले होते.

"दुखतंय का?"

"न्हाई."

चाकं जोडांवरून ठकठकत होती. मी यांच्या मनगटाला हात लावला. मनगट गार होतं आणि ओलं.

"खरं सांगा."

"थोडं," ते म्हणाले. "सकाळपासनं."

"गाडी थांबवा," मी म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात मी हे किती वेळा म्हणाले असेन, मोटारसायकलवर, ट्रॅक्टरवर, इंजिनावर. प्रत्येक वेळी आधी 'का' यायचं, मग भांडण, मग कुठं थांबणं. मागच्या वाघिणीत साहेब बसले होते आणि यांनी आयुष्यभर वाट पाहिली असा तो दिवस होता. यांनी का म्हणून विचारलं नाही. मागं वळून पाहिलं नाही. हात ब्रेकवर दाबला, गाडी उसाच्या रानात उभी राहिली, आणि तेव्हा मी खरी घाबरले.